बेस पहिल्या मात्रेवर येत नाही

प्रिय,

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. वाजवता छान तुम्ही, पण सगळेच एकदम वाजवता. गायक श्वास घ्यायला थांबला रे थांबला की पियानोवरचा तुझा उजवा हात फिलर घालतो, गिटारवाला त्याच जागेत घुसतो, आणि तुंबावाल्याचं (तो उंच ढोल हाताने वाजवणारा) तर काही विचारूच नकोस. साल्सा वाजवायचीय म्हणतोस ना, मग महिनाभर दुसरं काही ऐकू नकोस. पोर्तो रिकोचा एल ग्रान कोम्बो ऐक.

हा ऑर्केस्ट्रा जन्मला तो फाटाफुटीतून. राफाएल कोर्तिहोच्या कोम्बोने, म्हणजे छोट्या बँडने, बोम्बा आणि प्लेना, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधलं ढोलावरचं संगीत, नाचाच्या हॉलमध्ये आणि टीव्हीवर नेलं होतं. १९६२ साली त्यांचा गायक इस्माएल रिवेरा याला अटक झाली आणि मंडळी पांगली. त्यातल्याच काही जणांना घेऊन पियानोवादक राफाएल इथिएर यांनी नवा संच बांधला. पियानो ते स्वतःच शिकलेले, हे तुझ्यासाठी मुद्दाम सांगतो.

१९७३मध्ये पेयीन रोद्रिगेस सोडून गेला, १९७७मध्ये आंदी मोंतान्येस व्हेनेझुएलाच्या बँडकडे गेला. आपल्याकडे हुकमी गायक गेला की पार्टी बसते. इथे चार्ली आपोन्ते आला, जेरी रिवास आला, आणि रेकॉर्ड लावली की दुसऱ्या ओळीत ओळखू येतंच, हा ग्रान कोम्बो. आवाज बदलले, तरी नाद राहिला.

तो नाद बराचसा ब्रासमध्ये, म्हणजे फुंकवाद्यांमध्ये आहे. दोन ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन, पुढे एक ट्रॉम्बोन. तिथल्याच पोन्से शहरातली सोनोरा पोन्सेन्या ही पार्टी चार ट्रम्पेटवर चालते, तिची धार वेगळी. न्यूयॉर्कमध्ये विली कोलोनने सुरुवातीला नुसते ट्रॉम्बोन घेतले, तो खरखरीत, गल्लीतला आवाज. ग्रान कोम्बोत सॅक्सोफोन ट्रम्पेटच्या खाली गादीसारखे पसरलेले असतात, त्यामुळे पीस, म्हणजे नुसत्या वाद्यांचा तुकडा, कितीही जोरात आला तरी कानाला टोचत नाही. मला हाच आवाज सगळ्यात आवडतो. पोन्सेवाले भांडतील, भांडू देत.

आता हात रिकामे कर आणि १६ मोज. १, ४, ७, ११, १३ वर टाळी दे. ही क्लावे. पहिल्या आठात तीन टाळ्या ती तीनची बाजू, पुढच्या आठात दोन ती दोनची. सगळा डोलारा हिच्यावर उभा आहे, मग दोन लाकडी काठ्या एकमेकींवर आपटून ती कुणी वाजवो वा न वाजवो. त्याच १६मध्ये बेस येतो ४, ७, १२, १५ वर. पहिली मात्रा मोकळी. शिवाय ७ आणि १५ वर तो पुढच्या कॉर्डचा सूर आधीच लावून टाकतो, म्हणून गाणं सतत पुढे झुकलेलं वाटतं. तुंब्याचे दोन उघडे ठोके ७-८ आणि १५-१६ वर. (क्यूबात या वाद्याला तुंबादोरा म्हणतात, आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांचा ‘तुंबा’ त्याच घरातला.) आपल्याला समेवर जोर देऊन उतरायची सवय, त्यामुळे पहिले काही दिवस पाय घसरल्यासारखं होईल. होऊ दे. ती मोकळी जागा नाचणाऱ्याची आहे.

मला हे समजलं ते भर कार्यक्रमात. गोव्यात एका हॉटेलात वाजवत होतो, समोर साल्सा शिकलेली सात-आठ जोडपी. पीसनंतर मी मोंतुनो, म्हणजे पियानोचा फिरता तुकडा, उलट्या बाजूने उचलला. क्लावेची तीनची बाजू चालू असताना मी दोनची वाजवत होतो. याला क्रुसाओ म्हणतात, आडवं जाणं. कुणी काही बोललं नाही. फक्त एक बाई नाचता नाचता थांबल्या, जोडीदाराचा हात सोडला आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. ते गाणं संपेपर्यंत मी मान वर केली नाही.

तर ‘उन वेरानो एन नुएवा यॉर्क’ लाव, १९७५चं आहे. पहिल्यांदा फक्त बेस ऐक, दुसऱ्यांदा फक्त पियानो. कोरस सुरू झाला की गायक मधल्या जागेत आपली ओळ टाकतो, शाहीर आणि झीलकऱ्यांसारखं. तेवढ्या वेळात पियानो काय करतो? तोच तुकडा, पुन्हा तोच. तुला कंटाळा येईल. इथिएर तो तुकडा कित्येक वर्षं वाजवत होते.

ब्रास लिहायची घाई नको, ते आपण पावसाळ्यानंतर बघू. तुमच्या पोरांना सांग, एका तालमीत वाद्यं पेटीतून काढायचीच नाहीत. एकाने क्लावे द्यायची, बाकीच्यांनी आपापला ठेका नुसता तोंडाने म्हणायचा. आणि रविवारी येताना काठ्या घेऊन ये. सुताराकडून शिसवीचे दोन तुकडे वीतभर लांबीचे कापून घे, गोल घासून. बाजारातल्या पोकळ आवाज देतात.