गोळ्या बंद करून ‘होलिस्टिक’ उपचार घ्यावेत का?

अंबडच्या कंपनीत असलेल्या तुमच्या भावाला चार महिने डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, फरक पडलाय पण अर्धाच, म्हणून गोळ्या सोडून ‘होलिस्टिक’ काहीतरी करावं का, असं तुम्ही विचारलंय. आधी एवढं ऐका: गोळ्या मनाने एकदम बंद करू नका. चक्कर, मळमळ, चिडचिड सुरू होते आणि घरच्यांना वाटतं आजार उलटला.

मी नाशकात सायकियाट्रिस्ट आहे. सुरुवातीची काही वर्षं मी निव्वळ गोळीवाला डॉक्टर होतो. झोप कशी, भूक कशी, डोस वाढवा, पुढची तारीख घ्या. शरीर, मन आणि भोवतालची माणसं एकत्र बघायची, हे अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये मांडलेलं मॉडेल परीक्षेत लिहून मी मार्कही मिळवले होते. ओपीडीत त्याचा पत्ता नव्हता.

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार यायचे (ओळख पटेल असं काही लिहीत नाही). दोनदा डोस वाढवला, झोपेची गोळी दिली, सुधारणा नाही. चौथ्या वेळी बायको सोबत आली. म्हणाली, “डॉक्टर, हे झोपतील कधी? आमच्याकडं एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. मोटर चालू करायला उठावं लागतं.” झोपेची गोळी ते घेतच नव्हते. घेऊन अंधारात बागेत कसं फिरणार? मी कागदावर फक्त ‘झोप कमी’ लिहिलं होतं.

मग जरा नीट बघितलं. आवाज घोगरा, कातडी कोरडी, ऑक्टोबरच्या उन्हात अंगात स्वेटर. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायला लावली, तर ते चांगलंच वाढलेलं, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं. पहिल्याच भेटीत करायची तपासणी! लाज वाटली. त्याहून मोठी चूक म्हणजे फवारणीची औषधं घरात कुठे असतात हे मी विचारलंच नव्हतं. ती खाटेखाली होती. कुलपात गेली, किल्ली बायकोकडे. रात्रीची मोटर पुतण्याने घेतली, थायरॉइडची गोळी सुरू झाली. डिप्रेशनची गोळीही चालूच ठेवली, हे मुद्दाम सांगतोय. एप्रिलच्या छाटणीला ते स्वतः बागेत उभे होते. कर्ज मात्र तसंच होतं. ते माझ्या चिठ्ठीने फिटत नाही.

तेव्हापासून पहिली भेट पाऊण तासाची. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ बघतो. शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडतं. दारू, कामाची पाळी, देणं, घरात कोणाशी बोलणं होतं, हे सगळं विचारतो. समुपदेशनाला सायकॉलॉजिस्ट आहेत. पेशंट निम्मे झाले, गल्लाही. माझी बायको अजून टोमणे मारते.

तेव्हा होलिस्टिक म्हणजे गोळीऐवजी खडा किंवा काढा नव्हे. गोळी, बोलणं, झोप, घर हे सगळं एकदम धरायचं. योग जरूर करू दे, गोळीच्या जोडीने. डोस पुरेसा आहे का, हेही त्यांच्या डॉक्टरांना सरळ विचारा. मरणाबद्दल बोलत असेल तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

आणि तुम्ही एक लिहिलंच नाहीत: भावाची कंपनीतली पाळी कोणती? दर आठवड्याला बदलते का?