पुण्याचं पॅकेज घ्यायचं की नोकरी टिकवायची?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. मुलगा पाच वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही, चालतो बऱ्यापैकी पण जीभ, ओठ, श्वास यांचे स्नायू नीट साथ देत नाहीत म्हणून बोलणं अस्पष्ट, डॉक्टर त्याला डिसार्थ्रिया म्हणतात. समजतं मात्र सगळं. राहायला सांगलीत, दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७८ हजार, त्यातले २६ तुमचे. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी ४ लाखांची एफडी आहे. आता पुण्याच्या एका सेंटरने बोलणं सुधारण्याच्या थेरपीचं वर्षभराचं ९६ सेशनचं पॅकेज सांगितलंय, १ लाख ८० हजार आधी भरायचे, आणि तुम्ही एफडी मोडून, नोकरी सोडून मुलाला घेऊन वर्षभर तिकडे राहायचं म्हणताय.

माझं स्पष्ट मत, असं करू नका. थेरपी हवीच, त्यात कंजूषी नको. पण हा खर्च एका वर्षाचा नाहीये, पुढची कित्येक वर्षं चालणार आहे, आणि तुम्ही सगळी ताकद पहिल्याच वर्षात संपवताय.

हिशोब मांडून बघा. पॅकेज १ लाख ८० हजार, खोलीचं भाडं तुम्ही १२ हजार लिहिलंय म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार, आणि बुडालेला पगार ३ लाख १२ हजार. झाले ६ लाख ३६ हजार, म्हणजे एक सेशन साडेसहा हजारांच्या वर गेलं. मिरजेच्या थेरपिस्ट बाई ६०० घेतात असं तुम्हीच लिहिलंय, आठवड्याला तीन सेशन धरली तरी वर्षाची दीडशे होतात ९० हजारांत, महिन्याला साडेसात. घरखर्च ५५, एसआयपी १०, उरतात १३ हजार, त्यात हे बसतंय. एफडीला हात लावायचीच गरज नाही. फ्लॅट वर्ष दोन वर्ष पुढे ढकला, आणि एफडीतले अडीच लाख अडीअडचणीसाठी म्हणून बाजूला ठेवा.

नोकरीचं जरा जास्त सांगतो कारण पत्रात तुम्ही तिला एका ओळीत निकालात काढलंय. तुमच्या ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये मुलाचं नाव आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला बाहेर स्वतंत्र पॉलिसी मिळवताना काय त्रास होतो ते मी क्लायंट्सच्या घरी बघतो, नकार येतात नाहीतर अटी येतात. शिवाय साडेचार वर्षं झालीत, ग्रॅच्युइटीला पाच लागतात. आणि मुलगा मोठा होईल तेव्हा घरात दोन पगार असणं हाच त्याचा सगळ्यात मोठा विमा आहे. यजमानांच्या नावावर फक्त ५ लाखांची एंडोमेंट, म्हणजे बचतीवाली विमा पॉलिसी आहे हे वाचून खरंच काळजी वाटली. फ्लॅटच्या आधी १ कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवन विमा घ्या, या महिन्यात.

मुलाचं ५० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे ना, मग केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विमा योजनेत त्याचं नाव घाला. १ लाखापर्यंत कव्हर आहे, आधी मेडिकल टेस्ट लागत नाही आणि ओपीडीतली थेरपीही मर्यादेत बसते, जी साध्या मेडिक्लेममध्ये सहसा बसतच नाही. ८०डीडीचं, म्हणजे घरातल्या अपंग व्यक्तीसाठी इन्कम टॅक्समध्ये मिळणाऱ्या सवलतीचं विचारलंत, ती ७५ हजारांची वजावट फक्त जुन्या कर पद्धतीत मिळते, आणि तुमच्या दोघांच्या पगाराला नव्या पद्धतीत तसाही टॅक्स शून्य आहे. त्यासाठी धावपळ नको.

पुणं अगदीच सोडा असं नाही. मे महिन्यात रजा टाका, तिथे बहिणीकडे राहा, आणि त्या सेंटरला विचारा एका महिन्याचे पैसे घेऊन सेशन द्याल का. नाही म्हणाले तर कारण विचारा. मधेच थांबलो तर किती पैसे परत हे लेखी घ्या, थेरपिस्टचा रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा, म्हणजे थेरपिस्टची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेचा नंबर बघा, आणि "वर्षात स्पष्ट बोलेल" अशी गॅरंटी कोणी देत असेल तर तिथून उठा, कुठलाही चांगला थेरपिस्ट असं बोलत नाही. दुसरं मत हवं असेल तर मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठी अली यावर जंग संस्था आहे, तिथे एकदा तपासून घ्या, सरकारी आहे, आणि घरी काय करून घ्यायचं ते लिहून मागा. खरा फरक घरच्या रोजच्या सरावाने पडतो, जेवणाआधी पाच मिनिटं, श्वास भरून, सावकाश, दोन दोन शब्द.

राहिला त्याच्या बोलण्याला मदत म्हणून घ्यायचा ३५ हजारांचा टॅबलेट. आत्ता नको. आयआयटी मुंबईचं जेलो ॲप फुकट आहे, मराठीत आहे, चित्रावर बोट ठेवलं की बोलतं. तुमच्या जुन्या मोबाईलवर टाका. असं ॲप दिलं की मुलं बोलायची थांबतात ही भीती काढून टाका, तसं होत नाही, शब्द सापडले की मुलं उलट जास्त प्रयत्न करतात. तुम्ही लिहिलंय, तो वाण्याकडे बिस्कीट मागतो आणि वाणी तुमच्याच तोंडाकडे बघतो. येत्या रविवारी मोबाईल आणि दहाची नोट त्याच्या हातात द्या आणि तुम्ही दुकानाच्या पायरीखाली थांबा.