घाट्याला भोक पडायच्या आधी

पलूस, मार्गशीर्ष

चि. पोरीस आशीर्वाद.

तुझ्या हरभऱ्याचा फोटो बघितला. डोकं घाट्यात, धड बाहेर, म्हणजे घाटेअळीच. 'काका, कुठलं औषध मारू?' एवढंच विचारलंस. औषधाचं मागनं बघू. ओळीच्या एका मीटरात अळ्या किती आहेत?

मोजल्या नसशील. मीही कित्येक वर्षं मोजत नव्हतो. भोक दिसलं की पंप पाठीवर. पण भोक दिसेपर्यंत अळी बोटाच्या पेराएवढी झालेली असते आणि मोठी अळी औषधाला सहजी दाद देत नाही. त्यातून ही जात मुरलेली. १९८७ साली आंध्रात कपाशीवर हिनं तेव्हाची भारी औषधं पचवली होती.

म्हणून नजर पतंगावर ठेव. मातकट रंगाचा, रात्री फिरणारा. मादी कोवळ्या शेंड्यावर, कळीवर एकेक अंडं घालते. खसखशीएवढं, पिवळट पांढरं. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि आधी पानातला हिरवा भाग खरवडते. पानावर पांढुरके डाग दिसले की खाली वाक. एका ओळीत हिरवी, तपकिरी, गुलाबीसर अळी दिसेल. तीन किडी समजू नकोस, एकच आहे. आणि भल्या सकाळी दवात शिरू नकोस, हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेनं पाय चुरचुरतील.

एकरी दोन कामगंध सापळे लाव, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे. सलग दोन-तीन रात्री एकेका सापळ्यात आठ-दहा नर पडले, की रोज ओळी मोजायच्या. मीटरला एक-दोन अळ्या भरल्या तरच फवारा: पाच टक्के निंबोळी अर्क, नाहीतर एचएएनपीव्ही, म्हणजे घाटेअळीला रोग लावून मारणारा विषाणू. तो विषाणू उन्हात टिकत नाही, म्हणून दिवस कलल्यावर मार. आठवडाभरात अळ्या शेंड्याला उलट्या लोंबकळताना दिसतील. मला अजून ते बघायला आवडतं.

पेरताना ओंजळभर ज्वारी मिसळायला हवी होती. तिच्या ताटांवर कोतवाल, साळुंक्या बसतात नि अळ्या टिपतात. यंदा राहिलं, तर एकरी आठ-दहा आडव्या दांडीच्या काठ्या रोव.

फोटोतल्या मोठ्या अळ्या हातानंच वेच. काढणीनंतर रान खोल नांगर. कोष मातीत असतात, ते वर येऊन उन्हात मरतात, पक्षी खातात.

उद्या शेताच्या पाच ठिकाणी मोज आणि आकडे कळव. तोवर दुकानात जाऊ नकोस.

तुझा काका