अंदमान जरूर, पण हप्त्यावर नको

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचे आठ माग. दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई आणि दहावीतली मुलगी धरून चौघांनी अंदमानला जायचे आहे. एजंटचे पॅकेज 1 लाख 80 हजारांचे. पैसे 24 हप्त्यांत, 14 टक्क्यांनी. नाहीतर पतसंस्थेतली दोन लाखांची ठेव मोडायची. काय करू?

ताई, दोन्ही नको.

हप्ता बसतो साधारण 8,640 रुपये. दोन वर्षांत व्याजच 27 हजारांच्या वर जाते, आणि पायाला लागलेली वाळू घरी येईपर्यंत झटकली जाते, हप्ता मात्र पुढची दोन वर्षे घरात. ठेवीचे म्हणाल तर मुदतीआधी मोडल्यावर व्याज कमी मिळते, ही किरकोळ गोष्ट. खरी अडचण वेगळी आहे. ती ठेव म्हणजे तुमच्या मागांचा श्वास आहे. सुताचा भाव चढला, व्यापाऱ्याने बिल लांबवले, तर आठवड्याचा पगार त्यातूनच निघणार. त्यात दिवाळी म्हणजे बोनसचा महिना! (जाता जाता: पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, पतसंस्थेला नाही. मुदत संपली की ती रक्कम बँकेत हलवा.)

तुम्ही दरमहा साडेआठ हजार भरायला तयार होताच ना? मग तेच स्वतःला भरा. या जूनपासून नऊ महिन्यांची 8,600 ची आवर्त ठेव काढा. सहा टक्के धरले तरी मार्चच्या सुरुवातीला 79 हजार हातात येतात. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमारास, तुमची पन्नास हजारांची भिशी लागणार आहे, त्यातून विमानाची तिकिटे लगेच काढून टाका. मार्चचे 8,600 धरून झाले 1 लाख 38 हजार.

उरलेले चाळीस हजार कापायचे. पुण्याहून विमान कशाला? मुंबई-चेन्नई रेल्वेमार्ग सोलापुरातूनच जातो. शेंगाची चटणी, कडक भाकरी बांधून चेन्नई गाठा आणि पुढे सव्वादोन तासांचे विमान घ्या. स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, समुद्रासमोरची खोली घेऊ नका. राधानगरचा किनारा जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, बहुतेक हॉटेलांतून गाडी लागतेच. फक्त वेळ सांभाळा: तिकडे सूर्य साडेपाचच्या आसपास बुडतो. आपल्या सवयीने दुपारची झोप काढून सहाला पोहोचलात तर अंधार पाहून परत. शहीद द्वीपावर, म्हणजे जुन्या नीलवर, भरतपूरचा किनारा पाहा आणि लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकपूल ओहोटीला पाहा. एजंटला भरती-ओहोटीची वेळ विचारून बघा, त्याच्या उत्तरावरून माणूस कळेल.

परतीच्या विमानाआधीची रात्र मात्र पोर्ट ब्लेअरलाच, आता श्री विजयपुरम, काढा. हवामान बिघडले की बोटी रद्द होतात आणि चौघांची नवी तिकिटे काढावी लागतात. सासूबाईंचे सेल्युलर जेलही त्याच दिवशी होईल.

मुलीची दहावी मार्चमध्ये संपते, म्हणून एप्रिलचा पहिला पंधरवडा ठरवा. मेअखेरीचे स्वस्त पॅकेज कुणी दाखवले तर नको म्हणा, तोवर तिथे मोसमी पाऊस पोहोचलेला असतो. आणि चाळीस हजार कापून होत नसतील तर एक मुक्काम कमी करा, ठेवीला हात लावू नका.