हर्बेरियमसाठी पहिला अर्ज

मॅडम, अभिनंदन. विभागाचं हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) गळ्यात पडलंय, तर लगेच अनुदानामागे धावू नका. आधी महिनाभर कपाटं उघडून शीटं (वाळलेला नमुना चिकटवलेले कागद) मोजा: किती, किती कीड लागलेली, किती लेबलं अपुरी. आमच्याकडे एका शीटवर नुसतं ‘राधानगरी, फुले पांढरी’ होतं. ना तारीख, ना गोळा करणाऱ्याचं नाव. असे आकडे अर्जात आले की वाचणारा थांबून नीट वाचतो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- सगळा पैसा कॅमेरा नि कपाटांवर. लेबलं टाइप करणाऱ्या पोराचं मानधन विसरतात; मग कॅमेरा खोक्यातच राहतो. (आमचा दोन वर्षं होता.)
- चुकीचं दार. रफर्ड या ब्रिटिश संस्थेचं छोटं अनुदान संवर्धनाच्या कामाला मिळतं, जुनी कपाटं बदलायला नाही. प्रयोगशाळेच्या पायाभूत सोयींसाठी डीएसटीची (केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग) फिस्ट योजना बघा.
- परवानगी शेवटी. अभयारण्यातून नमुने आणायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी आधी.

फुकटातलंही बरंच आहे. जीबीआयएफवर (जैवविविधतेच्या नोंदींचं जागतिक खुलं संकेतस्थळ) नोंदी टाकायला पैसे लागत नाहीत. ओळख अडली तर पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रात शीट घेऊन जा.

डीएनए वगैरे पुढच्या वर्षी. आधी शीटांवरची कीड मारायला डीप फ्रीझर.