सर्जरीत डॉक्टरांच्या आधी भेटणारी माणसं

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. शिरपूरहून लेस्टरला येताय, वहिनींना शुगर आहे, चार वर्षांच्या मुलाला दम लागतो, आणि कुणीतरी सांगितलंय की इंग्लंडमध्ये डॉक्टर भेटतच नाहीत, पेशंटला नर्सच्या गळ्यात मारतात. मी मूळची अमळनेरची, इथे सतरा वर्षं झाली. आल्यावर मलाही असंच वाटायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शब्दाचा घोळ. इथे दवाखान्यालाच 'सर्जरी' म्हणतात. मी फोनवर 'सर्जरीत गेले होते' म्हटलं तेव्हा वडिलांना रात्रभर झोप आली नव्हती. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आपल्याकडे डॉक्टर तपासतात, तेच सुई टोचतात, कंपाउंडर पुड्या बांधून देतो, संपलं. इथे ते एकेक काम वेगवेगळ्या माणसाकडे असतं आणि कुणाकडे जायचं हे बहुतेकदा रिसेप्शनवर ठरतं. फोन उचलणारी बाई 'काय होतंय?' विचारते ते चौकशीपुरतं नाही. तिला त्याचं प्रशिक्षण असतं आणि गुप्तता पाळणं तिलाही बंधनकारक असतं. मी लाजून एकदा 'खासगी आहे' एवढंच सांगितलं आणि लघवीच्या जळजळीसाठी बारा दिवसांनंतरची वेळ मिळाली. नीट सांगितलं असतं तर त्याच दिवशी कुणीतरी पाहिलं असतं. आता तर त्या त्रासासाठी १६ ते ६४ वयाच्या बाईला थेट औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट तपासून गोळ्या देऊ शकतो. जानेवारी २०२४ पासून घसादुखी, सायनस, नागीण, किडा चावून झालेला संसर्ग अशा सात दुखण्यांसाठी ही सोय झाली आहे.

वहिनींचं काम मुख्यतः प्रॅक्टिस नर्सकडे राहील. रक्त काढणं, बीपी, वजन हे हेल्थकेअर असिस्टंट करेल, पण शुगरची वार्षिक तपासणी, पायांची संवेदना, खाणंपिणं हे नर्स बघते. माझ्या मते या कामात ती घाईत असलेल्या डॉक्टरपेक्षा सरस असते, कारण रोज तेच पाहते आणि वेळही जास्त देते. डॉक्टरांची भेट साधारण दहा मिनिटांची. नर्सला आपली कळण्याची भाकरी माहीत नसणार. ज्वारी-उडदाची आहे, एका जेवणात किती खातो, हे सांगा. आणि आकडा ऐकून घाबरू नका, इथे मोजायचं एकक वेगळं आहे. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आपल्या रिपोर्टवरचा ७.५ टक्के इथे ५८ होतो, ६.५ टक्के म्हणजे ४८.

मुलाच्या दम्याची तपासणी आणि लसीकरणही नर्सकडेच. त्याचं लसीचं कार्ड विसरू नका.

आता सर्जरीतला फार्मासिस्ट. हा दुकानातला नव्हे, सर्जरीतच बसणारा, तुमच्या सगळ्या गोळ्या एकत्र तपासणारा. याच्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. मी जळगावहून सहा महिन्यांच्या बीपीच्या गोळ्या आणल्या होत्या आणि सर्जरीत ते सांगितलंच नव्हतं. इथे नवीन गोळी सुरू झाली, मी दोन्ही घेत राहिले. घोटे सुजले, चप्पल चढेना. फार्मासिस्टचा फोन आला तेव्हा त्याने स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं स्पेलिंगसकट वाचायला लावली. आपली ती एक गोळी म्हणजे दोन औषधांचं मिश्रण होतं आणि त्यातलं ॲम्लोडिपिन मी इथल्या गोळीतूनही घेत होते. म्हणून येण्याआधी वहिनींच्या प्रत्येक गोळीचं कंपनीचं नाव नाही, आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम कागदावर लिहून आणा. मेटफॉर्मिन कुणालाही कळेल, ब्रँड कळणार नाही.

आणखी काही माणसं भेटतील. गुडघा-कंबर दुखली तर कित्येक ठिकाणी डॉक्टरांच्या आधी फिजिओथेरपिस्ट. ॲडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनर निदान करून औषध लिहून देते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट तपासणारा फिजिशियन असोसिएट मात्र डॉक्टर नसतो, त्याला प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या आढाव्याने त्यांचं नाव बदलून 'असिस्टंट' करा अशी शिफारस केली. खोलीत गेल्यावर 'तुमचं काम काय?' असं विचारणं इथे उद्धटपणा नाही. दरवेळी विचारा. दुखणं लांबलं किंवा मनाला पटलं नाही, तर डॉक्टरच हवेत असं स्पष्ट म्हणा.

वहिनींना एक वेगळं सांगा. पहिल्या हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, दिवसभर घरात दुसरं माणूस नसतं, आणि आईला फोनवर 'बठ्ठं बरं शे' (सगळं बरं आहे) म्हणावं लागतं. मी ते दोन वर्षं म्हटलं. सर्जरीतर्फे सोशल प्रिस्क्रायबर नावाची व्यक्ती असते. ती औषध देत नाही, बसून ऐकते आणि चालण्याचा गट, इंग्रजीचा वर्ग, बायकांचं मंडळ यांच्याशी जोडून देते. रिसेप्शनवर विचारलं की मिळते. संकोच करू नका.

खर्चाचं म्हणाल तर व्हिसासोबत आरोग्यसेवेचे म्हणून प्रत्येकी वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाचे ७७६ भरलेत, त्यामुळे भेटींना पैसे नाहीत. इंग्लंडमध्ये औषधाला प्रत्येक आयटममागे शुल्क असतं, पण १६ खालच्या मुलांना माफ. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यालाही सूट मिळते, मात्र त्यासाठी सर्जरीतून फॉर्म भरून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आपोआप होत नाही. भाषेची अडचण असेल तर दुभाषी मोफत मिळतो; वेळ घेतानाच 'मराठी' सांगा, नाहीतर हिंदीवाला येतो.

घर मिळाल्याच्या पहिल्याच आठवड्यात सर्जरीत नोंदणी करा, कुणी आजारी पडायची वाट पाहू नका. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. पोस्टकोड कळला की मला कळवा, जवळच्या कुठल्या सर्जरीच्या हद्दीत तो बसतो ते बघून सांगते.