सहावी टेस्ट करू का, मॅडम?

गोव्याची सहल, मसाज पार्लर, लॉजवरची एखादी संध्याकाळ, कधी तर नुसतं चुंबन. मग रात्र रात्र मोबाइलवर लक्षणं वाचायची आणि सकाळी आरशात जीभ बघायची. एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा पोटात गोळा. समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणारी माणसं वेगवेगळी असतात, कहाणी मात्र जवळजवळ हीच. म्हणून त्यातल्या एकाबद्दल लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

नितीन 29 वर्षांचा, चाकणला एका कंपनीत सुपरवायझर. साखरपुडा झालेला. मित्रांबरोबर गोव्याला गेला असताना एका बाईकडे गेला. निरोध वापरला होता, फाटलाही नव्हता. त्याआधी काही क्षण तिने केलेलं मुखमैथुन तेवढं निरोधाशिवाय. याला चार महिने झाले होते. बसल्या बसल्या त्याने फोल्डर उघडलं. पाच रिपोर्ट, तारखेनुसार लावलेले.

"हे बघा मॅडम. आधी 0.11, मग 0.14, आता 0.23. वाढत चाललंय."

"आकड्यापुढे काय लिहिलंय?"

"नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह. पण आकडा दुप्पट झाला ना!"

या आकड्याने किती जणांची झोप उडवली असेल! तो रक्तातल्या विषाणूंचा हिशोब नसतो. यंत्राला जो संकेत मिळतो, त्याला ठरलेल्या मर्यादेने भागून तो काढतात. निरोगी माणसाच्या रक्तातही थोडा संकेत येतोच, म्हणून शून्य सहसा दिसत नाही. त्याच्या रिपोर्टवर मर्यादा 1.00 अशी छापलेलीच होती. तिच्या खाली 0.11 काय आणि 0.23 काय, अर्थ एकच. यंत्र बदललं, किट बदललं की आकडा हलतो. आणि उलट बाजूनेही सांगते: एखादी चाचणी रिॲक्टिव्ह आली तरी लगेच निदान होत नाही. आपल्याकडे वेगवेगळ्या तीन चाचण्या जुळल्यावरच एचआयव्ही पॉझिटिव्ह म्हणतात.

मग आम्ही दिवस मोजले. त्याची पहिली टेस्ट आठव्या दिवशीची. ती कोऱ्या कागदासारखीच, इतक्या लवकर शरीरात अँटिबॉडी तयार झालेल्या नसतात. तिसाव्या दिवसाची बऱ्यापैकी भरवशाची. पन्नासाव्या दिवशी त्याने प्रयोगशाळेत फोर्थ जनरेशन चाचणी केली होती. ती अँटिबॉडीबरोबर विषाणूचं पी-24 प्रथिनही शोधते आणि 45 दिवसांनंतर तिचा निकाल पक्का मानतात. सरकारी केंद्रातली बोट टोचून होणारी रॅपिड टेस्ट असेल, तर तीन महिने धरायचे. त्याने तीही केली होती. एचआयव्हीचा विषय पन्नासाव्या दिवशीच संपला होता. पुढचे दोन रिपोर्ट त्याच्या भीतीने काढले होते.

मुळात धोका तरी किती होता? जोडीदार खात्रीने एचआयव्हीग्रस्त आणि उपचारांवर नसलेली असेल, तरी निरोधाशिवायच्या एका योनीसंभोगात पुरुषाला लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत चार. इथे निरोध होता. मुखमैथुन करवून घेणाऱ्याला एचआयव्हीचा धोका जवळजवळ नाहीच. सिफिलिस, गनोरिया किंवा हर्पिस त्या वाटेने येऊ शकतात, हे मी लपवत नाही. लघवीला जळजळ, पू किंवा जखम असेल तर थेट त्वचा-गुप्तरोग तज्ज्ञाकडे जायचं. नितीनला यातलं काहीच नव्हतं, तीन महिन्यांनंतरची व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्तचाचणीही निगेटिव्ह होती. मानेतल्या गाठी तेवढ्या दुखत होत्या, कारण दिवसातून पन्नासदा तो त्या दाबून बघायचा.

त्याला सगळं समजलं. इतकं की मला परत समजावून सांगितलं त्याने. आणि चार दिवसांनी फोन: "सहावी करू का, मॅडम? पीसीआर? एकदाच."

अनेक सल्लागार इथे पुन्हा आकडेवारी देतात. मी देत नाही. मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या मुशीतली. माणसाला छळते ती घटनेपेक्षा त्याची मागणी, असं मी मानते आणि इतक्या वर्षांत ते मला खोटं ठरलेलं दिसलेलं नाही. नितीनची मागणी शंभर टक्के खात्रीची होती. ती पुरवणारी प्रयोगशाळा जगात नाही. आणि दर नव्या टेस्टने मनाला शिकवण मिळते की धोका खरा असणार, नाहीतर टेस्ट कशाला केली असती?

पण ही मागणी इतकी चिवट का, ते पुढच्या भेटीत कळलं. मी विचारलं, "समजा, पहिलाच रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असता, तर?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सुटलो असतो."

"कशातून?"

"केलं त्याची शिक्षा मिळाली असती. तिच्यासमोर बसतो, ती लग्नाच्या साड्यांचे फोटो दाखवते... मला वाटतं, मला काहीतरी व्हायलाच पाहिजे."

मी तेव्हा घाई केली नाही. त्याला रडू दिलं. प्रयोगशाळेकडून तो निवाडा मागत होता आणि ती दर वेळी त्याला निर्दोष सोडत होती. म्हणून तर एकही रिपोर्ट पटत नव्हता.

"तुमच्या मते ते चुकलं?"

"हो."

"मग चुकलं म्हणा. पण चूक करणाऱ्याला आजार झालाच पाहिजे, हा नियम कुणाचा?"

त्यावर उत्तर नव्हतं. पश्चात्ताप माणसाला पुढे काय करायचं ते सुचवतो. अपराधीपणा फक्त गाठी दाबायला लावतो. त्या दिवशी आम्ही ठरवलं: गाठी, जीभ, वजन तपासणं बंद. लक्षणं शोधणं बंद. टेस्टची हुक्की आली की तो दिवस जाऊ द्यायचा. पहिले काही दिवस भीती वाढेल, हेही सांगितलं. वाढली. मग ओसरली. काहींची ओसरत नाही, दिवसाचे तास खाते. तेव्हा मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला मी बिचकत नाही, औषधांचा उपयोग होतो.

ज्यांचा प्रसंग ताजा आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. निरोध फाटला किंवा वापरलाच नाही, तर 72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, सरकारी रुग्णालयात जाऊन 28 दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. त्या घेतल्या तर टेस्टचे दिवस गोळ्या संपल्यापासून मोजायचे. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी मोफत होते, 2017च्या कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि 1097 ही हेल्पलाइनही मोफत आहे. बाजारातली भलीमोठी 'पॅकेजं' मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. लक्षणं नसताना हर्पिसची आयजीएम ही बेभरवशाची रक्तचाचणी करून नवीन भीती विकत घेतलेले लोक मी पाहिलेत.

होणाऱ्या बायकोला सांगायचं का, हे नितीनने विचारलं होतं. ते त्याने ठरवायचं होतं; मी एवढंच म्हटलं की घाबरलेल्या अवस्थेत ठरवू नका. शेवटच्या भेटीत त्याचा प्रश्न वेगळा होता. "लग्नाआधी आम्ही दोघांनी मिळून तपासणी केली, तर ते पुन्हा तेच होईल का?"

"कशासाठी करताय?"

"तिनेच सुचवलंय. तिच्या मैत्रिणीने केली होती म्हणे."

"मग करा की," मी म्हटलं. "फक्त आकडा वाचू नका."